गुणाकाराची वही

२०२३च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे एडिसनला पोचलो, तेव्हा माझ्या सामानात एक शंभरपानी वही होती. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाची खोड, दुसरं काय! डाव्या पानावर कोथरूड, उजव्या पानावर न्यू जर्सी. मुलगा आता तिथला नागरिक झालाय, त्यामुळे आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी त्याला अर्ज करता येतो. सहा महिने राहायचं, खर्च ताडून बघायचा, जमतंय असं वाटलं तर फ्लॅट विकून कायमचं तिकडे जायचं, असा माझा बेत होता. हिचा नव्हता. पण हिला कोण विचारतंय, अशा थाटात मी होतो.

पहिला आठवडा गुणाकारात गेला. ओक ट्री रोडवरच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी दीड डॉलरला. गुणिले त्र्याऐंशी, म्हणजे सव्वाशे रुपये. हिने जुडी परत ठेवली. मुलगा म्हणाला, "आई, घे गं. असा गुणाकार केलास तर उपाशी राहशील."

मग हळूहळू वही उलटी बोलायला लागली. दुधाचा गॅलनचा कॅन चार डॉलरला. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरांहून थोडं जास्त, म्हणजे लिटर अठ्ठ्याऐंशी रुपयांना पडलं. आपल्याकडच्या म्हशीच्या दुधापेक्षा महाग, पण डोळे पांढरे व्हावेत इतकं नाही. पेट्रोल तर चक्क स्वस्त. पुण्यात तेव्हा लिटरला १०६ रुपये मोजत होतो, तिथे हिशोब ७१च्या आसपास बसला. वर न्यू जर्सीत कायद्यानेच आपण स्वतः पेट्रोल भरायचं नसतं, पंपावरचा माणूस येऊन भरतो. अमेरिकेत असं राज्य आता हे एकच. विक्रीकर ६.६२५ टक्के, पण भाजीपाल्यावर आणि बहुतेक कपड्यांवर तो नाही. ऑक्टोबर संपेपर्यंत मी वहीत लाल शाईने लिहिलं होतं: 'वाटतं तेवढं महाग नाही.'

ते वाक्य मला पुढे चांगलंच महागात पडलं.

चूक कुठे झाली ते सांगतो. मी वस्तूंचे भाव लिहीत होतो, हातांचे लिहिले नव्हते. कोथरूडला पोळ्यांच्या बाई येतात, केर-भांड्यांना वेगळ्या. इस्त्रीवाला कपडे घेऊन जातो. औषधांच्या दुकानातला पोरगा फोन केला की गोळ्या आणून देतो, आणि साखर तपासायला लॅबचा माणूस सकाळी सातला दारात हजर असतो. या सगळ्यांचं महिन्याचं मिळून नऊ-दहा हजारांत भागतं. त्यामुळे हा काही मोठा खर्च आहे असं कधी वाटलंच नाही आणि वहीत त्याला रकानाही मिळाला नाही. तिथे केस कापायला बावीस डॉलर आणि वर टिप. गळका नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर चाळीस मिनिटांत १९० डॉलर घेऊन गेला. भांडी आम्हीच घासायचो. दवाखाना, देऊळ, वाचनालय, कुठेही जायचं तर मुलगा किंवा सूनबाई गाडी काढणार, म्हणजे त्यांची अर्धी सुट्टी खर्ची पडणार. तिथे वस्तू स्वस्त आणि माणूस महाग. आणि सत्तरीकडे झुकलेल्या आपल्यासारख्यांना वस्तू कमी लागत जातात, माणसं जास्त.

आता विम्याचं. जाण्याआधी मी पर्यटकांचा आरोग्य विमा घेतला होता, आणि शहाणपणा करून दोन प्रकारांतला स्वस्त निवडला. सहा महिन्यांच्या हप्त्यात दोघांचे मिळून सातशे डॉलर वाचले, म्हणून खूश होतो. या स्वस्त पॉलिसीत प्रत्येक गोष्टीसाठी ठरलेली रक्कम असते: इमर्जन्सीला इतकी, अँब्युलन्सला इतकी. बिल कितीही येवो, कंपनी तेवढीच देते. हे कागदावर छापलेलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना 'अटी वाचून सही करा' सांगणाऱ्या मी ते वाचलं नाही.

जानेवारीत एका रात्री हिला गरगरून आलं आणि ही न्हाणीघराच्या दाराशीच बसली. मुलाने अँब्युलन्स बोलावली. ईसीजी, डोक्याचा स्कॅन, रक्त, सलाईन. पाच तासांनी सांगितलं, शरीरातलं मीठ-पाणी कमी झालंय, घरी न्या. देवाची कृपा म्हणून आम्ही घरी आलो. पुढच्या महिन्याभरात तीन वेगवेगळे लिफाफे आले. एक रुग्णालयाचा, एक डॉक्टरांच्या गटाचा, एक अँब्युलन्सचा. बेरीज ११,९०० डॉलर. विमा कंपनीने आधी हिच्या रक्तदाबाचे जुने कागद मागवले, 'पूर्वीपासूनचा आजार तर नव्हे' म्हणून दोन महिने घोळ घातला आणि शेवटी ७०० डॉलर दिले. मुलाच्या ऑफिसातल्या एका गुजराती बाईंनी सुचवलं की बिलाचा बाबवार तपशील मागा आणि स्वतःच्या खिशातून भरणाऱ्यांना सूट असते, ती विचारा. मी विचारली, खरंच मिळाली. तरी शेवटी सात हजार गेले. म्हणजे माझी दहा महिन्यांची पेन्शन.

म्हणून जाणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगतो ती ही: ठरलेल्या रकमेची नव्हे, सर्वसमावेशक पॉलिसी घ्या. जुना आजार अचानक उफाळला तर काय, हे कलम शोधा. बऱ्याच पॉलिसींत सत्तरीनंतर ते आकसतं. जाण्याआधीच दात इथे दाखवून घ्या. आणि इथली मेडिक्लेम 'सहा महिने नाहीच आहोत' म्हणून बंद पडू देऊ नका, नाहीतर प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मी ती चूक करण्याच्या बेतात होतो. हिनेच हप्ता भरायला लावला.

कायमचं जायचं असेल तर हिशोब आणखी बदलतो. मेडिकेअर म्हणजे पासष्टीनंतरचा तिथला सरकारी विमा, हे आपण ऐकलेलं असतं. पण आपल्यासारख्या ग्रीन कार्डवाल्याला तो तिथे सलग पाच वर्षं राहिल्यावरच विकत घेता येतो. फुकट नाही, कारण तिथे दहा वर्षं नोकरी करून कर भरलेला नसतो. २०२५च्या दराने रुग्णालयाच्या भागाचे महिन्याला ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागाचे १८५, तेही माणशी. दोघांचे होतात १,४०६. रुपयांत करून बघा, सव्वा लाखाच्या आसपास जातात. आणि तो पाच वर्षांचा काळ खासगी विम्यावर काढायचा.

शिवाय ग्रीन कार्ड घेतलं की जगभरचं उत्पन्न तिथल्या करखात्याला दाखवावं लागतं. पीपीएफचं व्याज आपल्याकडे करमुक्त. ती सूट अमेरिका मानत नाही. आपल्या म्युच्युअल फंडांवर तिथे किचकट आणि जड कर बसतो. इथल्या खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली की तीही कळवायची. ज्याने आयुष्यभर मुदतठेवीच केल्या, त्याची शिल्लक त्यावर जातेच.

आणखी एक, पेन्शन रुपयांत येते. माझा महागाई भत्ता कोथरूडच्या महागाईला धरून चालतो, एडिसनच्या नव्हे. २०१४ साली डॉलर साठ-एकसष्टला होता, २०२४ संपता संपता ८५वर गेला. दुधाचा भाव स्थिर राहिला तरी माझ्या खिशाला तो वाढलेलाच.

आम्ही फ्लॅट विकला नाही. पर्यटक म्हणूनच जातो, चार-पाच महिने, थंडी टाळून. मुलाला सुरुवातीला वाईट वाटलं. एकदा म्हणाला, "बाबा, पैशाचं मी बघतो ना." त्याच्या घराचा प्रॉपर्टी टॅक्सच वर्षाला अकरा हजार डॉलर आहे, हे मी वहीत टिपलेलं होतं. ते त्याला बोललो नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा गेलो. वहीत आता तिसरा रकाना आहे, 'हात' नावाचा. हिने मात्र मागच्या अंगणात कुंडी मांडून धने पेरले. कुंडी, माती, खत सगळं धरून कोथिंबिरीची पहिली जुडी सहा डॉलरला पडली. हिने पोह्यांवर ती मुठीने पेरली. तेवढी नोंद मी केलेली नाही.