खाते बदलल्याचे पत्र : आधी खात्री, मग भरणा

बियाण्याची पिशवी घेताना शेतकरी तिचे लेबल व मोहोर पाहतो. पैसे पाठवितानाही तीच दक्षता हवी. “आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी,” असे ई-मेल विक्रेत्याच्या नावाने आल्यास लगेच भरणा करू नये. भामटे पत्त्यातील एखादेच अक्षर बदलतात. क्वचित विक्रेत्याचे खरे ई-मेल खातेच त्यांच्या हाती गेलेले असते. रक्कम खातेक्रमांकावरून जमा होते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून जुन्या पावतीवरील दूरध्वनीवर विक्रेत्यास स्वतः विचारावे. त्या ई-मेलमधील क्रमांक वापरू नये. विक्रेत्यांनीही आपला खातेक्रमांक पावतीवर छापावा. फसगत झाल्यास बँकेस व १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब न झाल्यास रक्कम रोखली जाणे शक्य असते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे सभेत अवश्य समजावून सांगावे.