आभासी चलन चुकीच्या नेटवर्कवर गेले तर

करवीर तालुक्यातील उचगावच्या सात-बारावर जो गट क्रमांक आढळतो, त्याच आकड्याचा गट वडणगे येथेही असू शकतो. आकडा एक, परंतु जमिनी दोन आणि दप्तरेही दोन. गावाचे नाव न घालता नुसता गट क्रमांक लिहिलेल्या दस्ताचा उपयोग काय, हे आपल्याकडील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. आभासी चलनाच्या व्यवहारात मात्र चांगले शिकले-सवरलेले तरुणही नेमकी हीच गफलत करतात. पत्ता अचूक लिहितात, पण तो कोणत्या नेटवर्कवरचा, इकडे लक्ष राहत नाही; आणि कष्टाची शिल्लक क्षणार्धात दिसेनाशी होते.

ती प्रत्येक वेळी बुडतेच असे नाही. ब्लॉकचेन म्हणजे असंख्य संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाणारी नोंदवही होय. २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनची नोंदवही वेगळी, २०१५ मधील इथेरियमची वेगळी, ट्रॉनची आणखी वेगळी. 'यूएसडीटी'सारखे चलन यांपैकी अनेक नोंदवह्यांत एकाच नावाने चालते. गोंधळाचे मूळ येथे आहे. एकदा पक्की झालेली नोंद कोणासही खोडता येत नाही. पत्ता चुकलेली मनीऑर्डर प्रेषकाकडे परत येत असे; येथे ना टपालखाते आहे, ना चुकीचा फेरफार रद्द करणारे प्रांताधिकारी.

ट्रॉनच्या पत्त्याची घडण इथेरियमहून निराळी असल्यामुळे त्या दोहोंतील चूक संगणक बहुधा आधीच अडवितो. इथेरियम, बीएनबी स्मार्ट चेन व पॉलिगॉन यांचे पत्ते मात्र एकाच धाटणीचे असतात. आरंभी शून्य व एक्स, आणि पुढे ४० चिन्हे. त्यामुळे चूक निमूटपणे पार पडते. सुदैवाने इलाजही याच साधर्म्यात दडलेला आहे. या सर्व नेटवर्कांवर तो पत्ता एकाच गुप्त किल्लीने उघडतो. तेव्हा चलन जेथे जाऊन पडले, तेथील त्या पत्त्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा.

समजा, राजारामपुरीतील एका तरुणाने आपले यूएसडीटी इथेरियमऐवजी बीएनबी स्मार्ट चेनवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठविले. वॉलेट रिकामे दिसले, तरी घाबरून ते पुसून टाकू नये. व्यवहाराचा क्रमांक घेऊन, प्रत्येक नेटवर्कची नोंदवही सर्वांना खुली करणाऱ्या संकेतस्थळावर तो पाहावा. चलन तेथे त्याच्याच पत्त्यावर आढळेल. वॉलेटमध्ये ते नेटवर्क व त्यावरील ते चलन जोडताच शिल्लक दिसू लागते. ती हलविण्यासाठी त्याच नेटवर्कचे थोडे मूळ चलन, म्हणजे येथे बीएनबी, शुल्कापुरते जवळ असावे लागते. ही बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही आणि ते अकारण हताश होतात.

चलन एखाद्या एक्स्चेंजच्या पत्त्यावर गेले असेल, तर किल्ली त्या कंपनीपाशी असते. कंपनी ज्या नेटवर्कवरची आवक पाहत नाही, तेथे आलेली रक्कम ग्राहकाच्या खात्यावर चढत नाही. अशा वेळी व्यवहाराचा क्रमांक, नेटवर्क, रक्कम व वेळ नमूद करून कंपनीच्या अधिकृत तक्रार कक्षाकडे लेखी मागणी करावी. काही कंपन्या शुल्क घेऊन रक्कम काढून देतात, काही लहान रकमेसाठी नकार देतात. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आभासी चलन ही मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. ग्राहकाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. कारण न्यायालयास नोंदवही बदलता येत नसली, तरी कंपनीस हुकूम करता येतो.

सर्वांत अवघड प्रसंग करार-पत्त्यांचा. असा पत्ता साध्या किल्लीने उघडत नाही. तेथे संगणकीय करार वसलेला असावा लागतो. २०२२ च्या मे-जूनमधील घटना या दृष्टीने बोलकी आहे. ऑप्टिमिझम या नेटवर्कच्या चालकांनी विंटरम्यूट या व्यापारी कंपनीस २ कोटी ओपी नाणी दिली. कंपनीने कळविलेला पत्ता इथेरियमवरील तिच्या कराराचा होता. ऑप्टिमिझमवर तो करार उभारलेलाच नव्हता. कंपनी तो उभारण्याच्या तयारीत असतानाच एका तिऱ्हाइताने तेथे करार उभा करून नाण्यांचा ताबा घेतला. पुढे त्याने १ कोटी ७० लाख नाणी परत केली, ती केवळ स्वेच्छेने. ज्यांचा हा रोजचा धंदा, त्यांची ही गत!

हानी झालेल्या माणसाभोवती लगेच दुसरे संकट घोटाळू लागते. 'तुमचे चलन परत मिळवून देतो' असे सांगणारे अनोळखी लोक वॉलेटचे १२ किंवा २४ गुप्त शब्द मागतात, अथवा आगाऊ शुल्क उकळतात. ते शब्द म्हणजेच किल्ली होय. कोणत्याही प्रामाणिक कंपनीस त्यांची गरज भासत नाही. असा गंडा घातला गेल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे व व्यवहाराचे क्रमांक जवळ ठेवावेत. चोरीचे चलन एखाद्या एक्स्चेंजमध्ये पोहोचले असेल, तर ते तेथून बाहेर पडण्यापूर्वीच गोठविता येते.