जळलेल्या वाशांचा क्रूस

इंग्लंडात कॉव्हेंट्री नावाचे शहर आहे. तेथे एक मोठे कॅथेड्रल आहे. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची असते त्याला कॅथेड्रल म्हणतात. बिशप म्हणजे त्या भागाचे मोठे धर्मगुरू. इंग्लंडच्या या ख्रिस्ती पंथाला अँग्लिकन पंथ म्हणतात.

सेंट मायकेलचे हे दगडी चर्च शेकडो वर्षांचे जुने. १९१८ साली ते कॅथेड्रल झाले. पुढे दुसरे महायुद्ध पेटले. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी शहरावर बाँब टाकले. पाचशेहून जास्त माणसे मेली. कॅथेड्रलचे छप्पर जळून खाली कोसळले. बाहेरच्या भिंती आणि उंच मनोरा तेवढा उरला.

नंतर एका पाथरवटाला तिथे दोन जळके वासे दिसले. ते एकमेकांवर क्रूसासारखे पडले होते. त्याने ते बांधून उभे केले. छपराचे जुने लांब खिळेही सापडले. तीन खिळे जोडून आणखी एक क्रूस केला.

एवढं नुकसान झाल्यावर कोणालाही राग येणारच की! पण तेथील प्रमुख धर्मगुरू हॉवर्ड यांनी त्याच नाताळात रेडिओवरून सांगितलं, की आपण सूड घ्यायचा नाही. पडक्या चर्चच्या भिंतीवर त्यांनी देवाकडे क्षमा मागणारे शब्द कोरून घेतले. त्यात ‘त्यांना’ हा शब्द मुद्दाम घातला नाही. कारण चुका सगळ्यांच्याच होतात.

जुन्या भिंती पाडल्या नाहीत. त्यांना लागूनच नवे कॅथेड्रल बांधले. बेसिल स्पेन्स यांनी त्याचा आराखडा केला. २५ मे १९६२ रोजी ते प्रार्थनेसाठी उघडले. त्या सुमारास जर्मनीची तरुण मुले तिथे आली. पडक्या भागातले काम त्यांनी आपल्या हातांनी केले. जर्मनीतले ड्रेस्डेन शहर १९४५ साली इंग्रज व अमेरिकन विमानांनी जाळले होते. १९६५ मध्ये इंग्लंडची मुले तिकडे गेली. तिथला दवाखाना बांधायला त्यांनी मदत केली. खिळ्यांचे क्रूस आता कितीतरी देशांत गेले आहेत. ते घेणारी माणसे भांडणे मिटवायचं काम करतात.

मित्रांनो, आपण गोट्यांवरून कट्टी घेतो आणि आठ आठ दिवस बोलत नाही. त्यांचे तर अख्खे शहर जळाले होते. तरी त्यांनी बट्टी केली. मग आपण आधी हात पुढे करायला काय हरकत आहे? सांगा बरं!