रानाचा जमाखर्च

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील रानांत गवत सूर्याची शक्ति सांठवितें. गवत चितळ खातें, चितळास वाघ. प्रत्येक पायरीस बहुतेक शक्ति उष्णतारूपानें निघून जाते. म्हणून चितळ पुष्कळ, वाघ थोडे. खर्चलेली शक्ति परत येत नाहीं; सूर्य ती रोज नवी देतो.

द्रव्यांचें तसें नाहीं. साग व मोह यांचा पाचोळा वाळवी खाते, बुरशी कुजविते. त्यांतील नत्र व स्फुरद पावसाळ्यांत मुळांवाटें पुनः झाडांत चढतात.

मोहफुलांवर येथील कित्येक घरें चालतात. परंतु तीं वेंचावयास मार्च-एप्रिलांत पाचोळा पेटविला, तर बरेंचसें नत्र धुरावाटें उडतें, राख पावसांत वाहून जाते, कोंवळीं रोपें जळतात. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों: पाचोळा जाळूं नका, झाडून बाजूस सारा, तीच रानाची शिल्लक आहे.