मेंढ्यांचे भक्षक आणि लोखंडी सापळा : अमेरिकेतील अनुभव

गेल्या हिवाळ्यात माळावरील एका धनगरवाड्यावर गेलो असता एका वयस्क मेंढपाळाने मला एक सरळ प्रश्न विचारला. आदल्या रात्री लांडग्याने त्याची दोन कोकरे उचलून नेली होती. "साहेब, अमेरिकेत म्हणे लोखंडी सापळे लावून असली जनावरं धरतात. तसले चार सापळे आम्हांला खात्याकडून मिळतील का?" प्रश्न अवाजवी नव्हता. कोकरू हे मेंढपाळाचे पीकच होय आणि उभे पीक कोणी नेले तर शेतकरी उपाय विचारणारच. कायद्याचा आधार घेऊन एका शब्दात नकार देता आला असता. परंतु तेवढ्याने त्याचे समाधान झाले नसते. म्हणून अमेरिकेत हे सापळे कसे लावतात, त्यांनी तेथे काय साधले व काय साधले नाही, हे त्याला जसे सांगितले तसेच, थोडे अधिक विस्ताराने, येथे मांडीत आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना हाच प्रश्न अनेक ठिकाणी विचारला जातो.

दोन भक्षक

पश्चिम अमेरिकेतील मेंढपाळांना उपद्रव देणाऱ्या प्राण्यांत कायोटी हा प्रमुख आहे. तो कुत्र्याच्या कुळातील असून त्याचे वजन साधारणपणे ९ ते १६ किलो भरते. म्हणजे आपल्या कोल्ह्याहून तो थोराड आणि लांडग्याहून लहान. ससे, उंदीर, टोळ, फळे, मेलेले जनावर, जे मिळेल ते तो खातो, आणि संधी साधली तर कोकरूही मारतो. दुसरा प्राणी बॉबकॅट. हे आखूड शेपटीचे, मोठ्या चणीचे रानमांजर होय. त्याचे मुख्य भक्ष्य ससा असून कोकरे व कोंबड्या तो अधूनमधून मारतो, परंतु एकंदर नुकसानीत त्याचा वाटा कायोटीच्या मानाने फारच थोडा असतो.

कायोटीची मादी जानेवारी ते मार्च या काळात माजावर येते आणि सुमारे ६३ दिवसांनी, बहुधा एप्रिल-मे महिन्यांत, विते. एका वेताला सरासरी सहा पिले होतात. मेंढ्यांची कोकरेही तेथे वसंत ऋतूतच माळावर असतात. पिलांची तोंडे भरण्यासाठी नर-मादीला मोठी शिकार वारंवार करावी लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोकरू हे सर्वांत सोपे भक्ष्य असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील बरेचसे विवेचन तिच्यावर आधारलेले आहे.

सापळ्याची रचना व मांडणी

तेथील पाय धरणारा सापळा म्हणजे दोन अर्धगोल पोलादी जबडे, त्यांना मिटवणाऱ्या स्प्रिंगा आणि मध्ये एक चकती. चकतीवर पाय पडला की जबडे मिटून पंजा अडकतो. सुधारलेल्या सापळ्यांत दोन जबड्यांमध्ये थोडी फट राखलेली असते किंवा त्यांना रबराची किनार असते, म्हणजे हाड मोडण्याचा संभव कमी होतो. साखळीत फिरत्या कड्या असतात, आणि तिचे टोक जमिनीत खोल ठोकलेल्या मेखेला बांधलेले असते.

येथवर सारे सोपे वाटते. अडचण सुरू होते ती जनावराच्या नाकापासून. नव्या सापळ्याला कारखान्यातील तेलाचा वास असतो, म्हणून तो उकळून घेतात, लाकडाच्या किंवा सालीच्या रंगात पुन्हा उकळतात व शेवटी मेणात बुडवितात. सापळा मांडणारा मनुष्य हातमोजे घालतो, गुडघ्याखाली कापड अंथरतो आणि उकरलेली जास्तीची माती त्याच कापडातून दूर नेऊन टाकतो.

सर्वांत रूढ पद्धत बिळाची. एखाद्या जनावराने अन्नाचा तुकडा पुरून ठेवला असावा असे भासेल असे वीतभर खोलीचे तिरके भोक जमिनीत करतात. त्यात आमिष टाकून वर गवताचा बोळा बसवितात. या भोकाच्या तोंडापुढे, जेथे कायोटी वाकून हुंगताना पुढचा पाय टाकील असा अंदाज असतो तेथे, उथळ खड्ड्यात सापळा बसवितात. तो इतका घट्ट बसला पाहिजे की कडेवर बोट दाबले तरी हलू नये. पंजाखाली लोखंड जरासे डगमगले की कायोटी सावध होतो, कित्येकदा सापळा उकरून उघडा पाडतो, आणि मग त्या जागेला फिरकत नाही. चकतीखाली माती शिरून ती अडू नये म्हणून वर कापडाचा किंवा जाळीचा तुकडा ठेवतात व चाळणीने कोरडी माती पातळ पसरतात. वाऱ्याची दिशा पाहून आमिषाचा वास जनावराच्या वाटेकडे जाईल अशी मांडणी करतात. पाऊस पडला, जमीन गोठली किंवा एखाद्या मेंढीने पाय दिला, की सारे पुन्हा पहिल्यापासून.

बॉबकॅटची तऱ्हा निराळी आहे. तो नाकापेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबून शिकार करतो. म्हणून त्याच्यासाठी दोऱ्याने हलते पीस किंवा चकाकणारा तुकडा टांगतात आणि वाटेवर लहान काटक्या अशा ठेवतात की त्या टाळून त्याने पाऊल नेमके चकतीवर टाकावे.

नको ते जनावर सापडू नये म्हणून चकतीला ताण देतात. सुमारे एक किलो किंवा त्याहून अधिक वजन पडल्याखेरीज सापळा सुटत नाही, यामुळे लहान प्राणी वाचतात. उघड्यावर पडलेल्या मेल्या जनावराजवळ सापळा लावण्यास मनाई असते, कारण तेथे गरुड व गिधाडे उतरतात. एवढे करूनही एक प्राणी काही वाचत नाही, तो म्हणजे कुत्रा. वजन, पंजा, नाक आणि हुंगण्याची खोड या चारही बाबतींत कुत्रा हा कायोटीचा भाऊच होय. आमच्या मेंढपाळाला मी हे सांगितले तेव्हा त्याने शेजारी बसलेल्या आपल्या कुत्र्याकडे एकदा पाहिले आणि सापळ्यांचा विषय तेथेच थोडा सैल झाला.

एवढा खटाटोप करून काय साधले?

अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने १९१५ साली या कामासाठी पैसा मंजूर करून पगारी शिकारी नेमण्यास प्रारंभ केला, आणि १९३१ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. सापळे, बंदुका, बिळे खोदून पिले काढणे आणि विशेषतः विष, असे सर्व मार्ग दीर्घकाळ वापरले गेले. विषाने गरुड, कुत्रे व इतर निरुपद्रवी प्राणी मोठ्या संख्येने मरू लागले, तेव्हा फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर विषप्रयोगास आज्ञा काढून मनाई केली. ती आज्ञा १९८२ साली मागे घेण्यात आली, तरी विषावरील निर्बंध पुष्कळसे राहिले. पुढे कोलोरॅडो (१९९६), कॅलिफोर्निया (१९९८) आणि वॉशिंग्टन (२०००) या राज्यांत मतदारांनीच पाय धरणाऱ्या सापळ्यांवर कडक निर्बंध घातले. अन्य अनेक राज्यांत ते आजही नियमांच्या चौकटीत वापरले जातात.

आता कायोटीची स्थिती पाहा. एकेकाळी तो मुख्यतः खंडाच्या मध्य व पश्चिम भागातील माळरानावर राहत असे. आज हवाई वगळता त्या देशाच्या प्रत्येक राज्यात तो आढळतो. मोठ्या शहरांतही राहतो. लांडगा बहुतेक भागांतून नाहीसा केल्यामुळे त्याला मोकळी जागा मिळाली, हे याचे एक कारण होय. दुसरे कारण त्याच्या प्रजननात आहे. संख्या घटली म्हणजे उरलेल्यांना अन्न अधिक मिळते, अधिक माद्या व लवकर वितात, पिले अधिक जगतात, आणि रिकाम्या झालेल्या टापूत बाहेरून तरुण जनावरे येऊन बसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९७५ साली आकडेमोड करून दाखविले की दरवर्षी शेकडा ७५ कायोटी मारीत गेले तरी ती जात नाहीशी होण्यास पन्नास वर्षांहून अधिक काळ लागेल. इतके मारणे कोणत्याही खात्याच्या आवाक्यातले नाही.

याहून उद्बोधक माहिती त्याच विद्यापीठाच्या हॉपलंड येथील मेंढी-संशोधन केंद्रावर मिळाली. तेथील कायोटींच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून पाळत ठेवली असता १९९० च्या दशकात असे दिसून आले की मेंढ्या मारणारे बहुतेक सर्व कायोटी हे त्या टापूत ठाण मांडून बसलेले, पिले वाढविणारे नर-मादी होते. उलट, नेहमीच्या उपायांनी सापडत ती बहुधा तरुण, अननुभवी जनावरे. म्हणजे मारले जात ते बहुशः भोळे, आणि चोर आपल्या जागी सुखरूप! युटा राज्यात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नर-मादीस मारण्याऐवजी शस्त्रक्रियेने निर्बीज करून त्याच टापूत सोडले, तर त्यांनी मारलेल्या कोकरांची संख्या बरीच घटली. पोसावयास पिले नसली की मोठ्या शिकारीची निकडही उरत नाही.

सापळा सर्वस्वी निरुपयोगी आहे असे मात्र यावरून समजू नये. एखाद्या कळपावर एकच जनावर वारंवार पडत असेल आणि कसलेला मनुष्य नेमके तेच धरू शकत असेल, तर त्या हंगामापुरते नुकसान थांबते, असा तेथील अनुभव आहे. सरसकट लावलेल्या सापळ्यांनी मात्र नुकसान थांबत नाही. जाता जाता हेही सांगावेसे वाटते की १९४२ साली अमेरिकेत मेंढ्यांची संख्या सुमारे ५ कोटी ६० लाख होती, ती आता ५० लाखांच्या आसपास आली आहे. लोकरीचे भाव, कृत्रिम धागे, मजुरांची टंचाई ही त्याची मोठी कारणे होत. केवळ कायोटीच्या माथी हे खापर फोडता येणार नाही.

आपल्याकडे काय करावे

प्रथम कायद्याविषयी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये लांडगा व बिबट्या हे पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहेत आणि त्या कायद्यात 'शिकार' या शब्दात सापळा लावणे, फासे टाकणे व विष घालणे यांचा समावेश होतो. तेव्हा मेंढपाळाने सापळा लावला तर कोकरू गेले ते गेलेच, वर खटला ओढवून घेतला असे होईल. मेलेल्या शेळीवर विष टाकून ठेवण्याचा प्रकार कोठे होत असल्यास तो कार्यकर्त्यांनी समजावून थांबवावा. त्यात गावचे व वाड्याचे कुत्रे प्रथम मरतात.

दुसरे असे की, मारेकरी कोण याची आधी खात्री करावी. मेलेल्या मेंढीच्या मानेचे कातडे सोलून पाहावे. जिवंतपणी दात लागले असतील तर कातड्याखाली रक्त साकळलेले दिसते. आधीच मेलेले जनावर कोणी नंतर खाल्ले असेल तर तसे दिसत नाही. लांडगा व कोल्हा यांच्या पायाच्या ठशात नखांच्या खुणा उमटतात, मांजराच्या कुळातील प्राण्याचा ठसा गोल व बहुधा नखांवाचून असतो. गावची मोकाट कुत्री पडली असतील तर अनेक मेंढ्या जखमी होतात, चावे मागच्या पायांवर, कानांवर, वाटेल तेथे असतात आणि खाल्लेले फार थोडे असते. 'लांडगा पडला' म्हणून मला बोलावले असता प्रत्यक्षात कुत्र्यांचे काम निघाले असे एकाहून अधिक वेळा घडले आहे. वन्य प्राण्याने मारल्याचे दिसल्यास मृत जनावर जागचे हलवू नये, त्याच दिवशी वन विभागास कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा. नुकसानभरपाई याच कागदावर मिळते, आणि कागद नसल्यामुळे ती गमावणारे मेंढपाळ पुष्कळ आहेत.

तिसरी बाब बंदोबस्ताची. सापळे व विष यांनी भागत नाही असे दिसल्यावर अमेरिकेतील अनेक मेंढपाळ रात्रीचे कोंडवाडे, विण्याच्या काळात निवारा, मेलेली जनावरे त्वरित पुरणे आणि राखणीचे कुत्रे यांकडे वळले. यांत आपल्या धनगर बांधवांना नवे असे थोडेच आहे. रात्री वाघूर लावून कोकरे आत घेणे ही रीत त्यांची जुनीच. वाघूर मात्र फाटकी नसावी, खालची कड जमिनीला खुंट्यांनी दाबलेली असावी व कोकरांचा भाग माणसांच्या अंथरुणांलगत असावा. दोरीला लाल चिंध्या लावून कळपाभोवती फिरविल्यास लांडगा काही काळ बुजतो. कॅनडा व अमेरिकेतील चाचण्यांत तो सुमारे ६० दिवसांपर्यंत दूर राहिला. आपल्या माळावरील लांडगा मनुष्यवस्तीला सरावलेला असल्याने इतका भरवसा धरू नये, परंतु ऐन विण्याच्या दिवसांत हा अल्पखर्चाचा उपाय करून पाहण्यास हरकत नाही.

राखणीच्या कुत्र्याविषयी तेथे झालेले काम आपल्या उपयोगाचे आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून युरोप व तुर्कस्तानातील थोराड जातींचे कुत्रे आणून त्यांवर पद्धतशीर प्रयोग झाले. त्यातून आढळले की जातीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व संगोपनाला आहे. पिलू सात-आठ आठवड्यांचे झाले की ते कोकरांच्या सहवासात ठेवावे, तेथेच खाऊ घालावे, तेथेच निजवावे. चार महिन्यांचे होईपर्यंत जो सहवास घडतो तो त्याच्या मनावर जन्मभर ठसतो. घरात मुलांबरोबर वाढलेले पिलू पुढे वाड्यावर आणले तर ते माणसांची राखण करते, मेंढ्यांची नव्हे. पहिल्या वर्षात ते खेळाच्या भरात कोकरांच्या मागे धावते, कान ओढते; तेव्हा लगेच दटावावे व काही दिवस मोठ्या, धक्का देणाऱ्या मेंढ्यांत ठेवावे. त्यास रेबीजची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी आणि लांडग्याच्या तोंडी मान लागू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधावा. ज्या मेंढपाळाने सापळे मागितले होते, त्याच्या वाड्यावर या उन्हाळ्यात दोन पिले वाघुरीच्या आत बांधलेली पाहिली. त्यांपैकी एक कोकराच्या पाठीवर मान टाकून निजले होते.