जुनी गाडी बदलावी का? थोडे विज्ञान, थोडे गणित

वसईच्या एखाद्या वाडीत तुम्ही भल्या पहाटे कधी गेला आहात का? सोनचाफ्याची फुले खुडून टोपल्यांत भरण्याची तेथे घाई चाललेली असते. ती वेळेवर दादरच्या फुलबाजारात पोचली, तर चांगला भाव मिळतो. उशीर झाला, तर तीच फुले मातीमोल होतात.

समजा, अशाच एका वाडीतील कुटुंबाकडे पेट्रोलवर चालणारी एक जुनी जीप आहे. पहाटे ती कधी सुरू होते, कधी होत नाही. ती काढून टाकून, घरच्या माणसांना आणि फुलांच्या टोपल्यांनाही पुरेल अशी, कमी इंधन पिणारी एसयूव्ही घ्यावी असा विचार घरात चालला आहे. वडील किंमत विचारतात, धाकटी बहीण रंग विचारते, शेजारी ‘ॲव्हरेज किती देते?’ असे विचारतात. तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी. तुम्ही काय विचाराल?

जीप सुरू का होत नाही?

हा पहिला प्रश्न. वसईची हवा दमट आणि खारी आहे. लोखंड गंजण्यासाठी पाणी व ऑक्सिजन लागतात, आणि पाण्यात मीठ असले तर गंजण्याचा वेग वाढतो. तीन खिळे घ्या. एक कोरड्या बाटलीत, दुसरा थोड्या साध्या पाण्यात आणि तिसरा मिठाच्या पाण्यात अर्धवट बुडवून ठेवा. आठवड्याभरात फरक तुमच्याच डोळ्यांना दिसेल.

आता ओहमचा नियम आठवा. इंजिन सुरू करणारी मोटर त्या क्षणी फार मोठा विद्युतप्रवाह घेते. तो १५० अँपिअर आहे असे धरू. बॅटरीच्या टोकांवर क्षार जमून तेथे केवळ ०.०२ ओहम रोध निर्माण झाला, तर १५० × ०.०२ = ३ व्होल्ट तेथेच खर्च होतात. बारा व्होल्टपैकी मोटरला उरतात नऊच! अशा वेळी बॅटरी चांगली असूनही इंजिन कण्हते आणि थांबते. म्हणून गाडीला निकामी ठरवण्यापूर्वी जाणत्या मेकॅनिककडून ही टोके साफ करून घ्यावी. दोष तेवढाच असेल, तर काही लाखांचे काम काही मिनिटांत होईल. परंतु सांगाडाच गंजून पोखरला असेल, तर मात्र गाडी बदलणेच शहाणपणाचे.

इंधन किती लागते?

टाकी काठोकाठ भरा आणि मीटरवरील आकडा टिपून ठेवा. पुढच्या खेपेला टाकी पुन्हा तितकीच भरा. समजा, मधल्या काळात गाडी २९६ किलोमीटर चालली आणि ३७ लिटर पेट्रोल मावले. २९६ ÷ ३७ = ८. म्हणजे ही जीप लिटरला ८ किलोमीटर जाते. नव्या गाडीच्या माहितीपत्रकात जो आकडा असतो तो चाचणीतला. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत गाडी रोलरवर ठराविक पद्धतीने चालवून तो काढतात. गर्दीच्या रस्त्यावर सहसा त्यापेक्षा कमीच अंतर जाते.

याचे एक कारण गतिज ऊर्जा. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. या वेगाने धावणाऱ्या १,००० किलोग्रॅमच्या गाडीत १,१२,५०० ज्यूल ऊर्जा असते, तर १,६०० किलोग्रॅमच्या गाडीत १,८०,००० ज्यूल. ब्रेक दाबला, की साध्या गाडीत ही सारी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. सिग्नल सुटल्यावर पुन्हा इंधन जाळून ती मिळवावी लागते. महामार्गावर दुसरा शत्रू भेटतो, तो म्हणजे हवेचा विरोध. वेग दुप्पट झाला, की हा विरोध सुमारे चौपट होतो. गाडी जितकी उंच आणि रुंद, तितका तो अधिक. तेव्हा गरजेपेक्षा मोठी एसयूव्ही घेणे म्हणजे रिकामी पेटी रोज डोक्यावर वाहणे होय.

एक फसवा हिशोब

आपल्या कुटुंबाने ८ ऐवजी १६ किलोमीटर देणारी गाडी घेतली, आणि शेजाऱ्यांनी १६ ऐवजी २४ देणारी. दोघांचीही वाढ ८ किलोमीटर. मग बचत सारखीच का? वर्षाला १२,००० किलोमीटर धरा. आपले पेट्रोल १,५०० लिटरवरून ७५० लिटरवर आले. बचत ७५० लिटर. शेजाऱ्यांचे ७५० वरून ५०० वर आले. बचत अवघी २५० लिटर! एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे आपल्या घराने वर्षाला १,७२५ किलोग्रॅम वायू वाचवला.

पैशांचे काय? हिशोबासाठी पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. इंधनाचे वर्षाला ७५,००० रुपये वाचले. दुरुस्तीचे आणि वाया जाणाऱ्या फुलांचे आणखी ३०,००० वाचले असे माना. एकूण १,०५,०००. जुनी जीप विकून नव्या गाडीसाठी वरून ८,४०,००० रुपये घालावे लागले, तर ते भरून निघायला आठ वर्षे लागतील. कर्ज काढले तर व्याजामुळे आणखी उशीर.

पावसाळ्यातली सावधगिरी

२०१८ च्या जुलैत नालासोपारा स्थानकात रुळांवर पाणी साचून लोकलगाड्या बंद पडल्या होत्या. अशा दिवसांत उंच गाडीचा उपयोग होतो, पण उंच गाडी म्हणजे होडी नव्हे. हवा आत घेणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. दट्ट्या अडतो आणि त्याचा दांडा वाकू शकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

तर मित्रहो, गाडी बदलावी का? याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. एखाद्या घरी टोपल्या लोकलने पाठवणे हेच स्वस्त ठरेल. आजीला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावे लागत असेल, तर खात्रीने सुरू होणाऱ्या गाडीचे मोल रुपयांत मोजता येणार नाही. मात्र निर्णय घेण्यापूर्वी मोजमाप करावे, हे सर्वांनाच लागू आहे.

करून पाहा : घरच्या किंवा शेजारच्या एखाद्या वाहनाची महिनाभर नोंद ठेवा. शंभर किलोमीटरला किती लिटर इंधन लागते ते काढा आणि वर्गात सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा.