ऑर्किडला वास का येत नाही?



मागे मुरबाड भागातल्या एका गटाच्या बैठकीत एक ताई कुंडी घेऊनच आल्या. जांभळं-पांढरं ऑर्किड, दांडी फुलांनी भरलेली. पण ताईंचा चेहरा उतरलेला. "मॅडम, एवढे पैसे दिले आणि वासच नाही. फसवलं मला!" त्याच बैठकीत अंतर्गत कर्ज काढून अशी पन्नास रोपं आणायचा विषय होता. मलाही तेव्हा उत्तर देता आलं नाही. म्हणून थोडा अभ्यास केला, तोच आजचा पाठ.

१. आधी जात बघा

ताईंना कोणी फसवलं नव्हतं. ते डेंड्रोबियम होतं. बाजारातली 'सोनिया'सारखी डेंड्रोबियमं रंगासाठी आणि फूल जास्त दिवस टिकावं म्हणून तयार केलेली असतात. त्यांना वास जवळजवळ नसतोच. कितीही खत घाला, जातीतच नसलेला वास येणार नाही.

वासाच्या जाती वेगळ्या. कॅटलियाच्या बऱ्याच जातींना छान वास असतो. ऑन्सिडियममधल्या 'शेरी बेबी'ला तर चक्क चॉकलेटसारखा वास येतो! आणि आपल्याकडची रास्ना विसरू नका. आंब्याच्या खोडावर वाढणारी ही आमरी, म्हणजे ऑर्किडच. तिला गोड वास असतो.

२. वेळ बघा

रातराणी दुपारी हुंगली तर काय कळणार? मोगऱ्याच्या कळ्या आपण पहाटे तोडतो, पण घमघमाट सुटतो संध्याकाळी. ऑर्किडचंही तसंच. फूल वास सोडतं ते किड्यांना बोलवायला. ज्या फुलावर मधमाशी येते त्याचा वास दिवसा, ऊन चढल्यावर. ज्यावर रात्रीचा पतंग येतो त्याचा वास अंधार पडल्यावर. म्हणून एकच फूल सकाळी, दुपारी आणि रात्री हुंगून बघा. नुकतंच उमललेलं असेल तर एक-दोन दिवस थांबा.

३. हवा आणि उजेड

वास म्हणजे फुलातून हवेत उडणारं तेल. गारठ्यात ते कमी उडतं, कोवळ्या उन्हाच्या उबेने जास्त. पण एप्रिल-मेच्या कडक उन्हात झाड दमतं, मग वासही मंदावतो. फार सावलीत ठेवलं तर झाडाला वास तयार करायला ताकदच उरत नाही. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली, हे बरं.

४. झाड सुखी तर फूल सुवासिक

- माती नको. कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरा. कुंडीला भरपूर भोकं हवीत.
- पाणी सकाळी द्या. उन्हाळ्यात रोज, थंडीत कमी.
- आपल्याकडचा पाऊस धो-धो. पावसाळ्यात कुंडी पडवीत, वारं लागेल अशी टांगा. पाणी साचलं की मुळं कुजलीच.
- विद्राव्य खत अगदी पातळ, एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

रानातून आणू का?

त्याच बैठकीत दुसऱ्या ताई म्हणाल्या, "आमच्या रानात फुकट आहेत की!" खरंय. पावसाच्या तोंडावर सीतेची वेणी किती सुंदर लोंबते! पण रानातली आमरी उपटू नका. तिची मुळं सालीला घट्ट चिकटलेली असतात, ती तुटली की झाड बहुतेक वेळा मरतं. शिवाय शहापूरच्या तानसा अभयारण्यातून झाडं काढणं हा गुन्हा आहे. कोणी व्यापारी "आणून द्या, पैसे देतो" म्हणाला तरी नाही म्हणा. मात्र वादळात आपल्याच बांधावरच्या आंब्याची फांदी मोडली, तर तिच्यावरची आमरी सुतळीने दुसऱ्या फांदीला बांधा. ती जगू शकते.

मग कर्ज काढायचं का?

आधी गिऱ्हाईक कोण ते ठरवा. गुच्छवाला रंग आणि टिकाऊपणा बघतो, त्याला वास नसला तरी चालतं. घरी कुंडी नेणाऱ्याला वास आवडतो. गजऱ्यासाठी मात्र आपला मोगराच बरा. तेव्हा पन्नास रोपं एकदम नकोत. दोन-तीन जातींचं एकेक रोप आणा, रोपवाटिकेत फुललेलं झाड स्वतः हुंगूनच घ्या. एक पावसाळा आणि एक उन्हाळा सांभाळा. जगलं, फुललं, मग कर्जाचा ठराव घ्या.

त्या ताईंनी कुंडी परत केली नाही. "वास नाही तर नाही, दारात शोभते," म्हणाल्या. पन्नास रोपांचा ठराव मात्र गटाने पुढे ढकलला.

पुढच्या बैठकीत बोला

१. आपल्या अंगणातली कोणती फुलं दिवसा आणि कोणती रात्री वास देतात?
२. आपल्या गावात ऑर्किड कोण विकत घेईल, आणि कशासाठी?

तुमची,
क्षेत्र समन्वयक, शहापूर-मुरबाड